सोडलेल्या जागेची किंमत

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरून उत्तरेकडे चालत निघाले की दोन्ही हातांना इमारतींची सलग भिंत लागते. बावन्नाव्या रस्त्यापाशी ती उजव्या हाताला एकदम तुटते. तीन पायऱ्या चढल्या की गुलाबीसर ग्रॅनाइटने फरसबंद केलेली एक मोकळी जागा समोर येते. दोन अंगांना दोन उथळ हौद, कडेने हिरव्या संगमरवराचे लांबच लांब कट्टे, आणि रस्त्यापासून सुमारे ९० फूट मागे सरून उभी असलेली ३८ मजली, काळपट तपकिरी इमारत. ही सीग्राम बिल्डिंग. सीग्राम या मद्य कंपनीने आपल्या मुख्य कचेरीसाठी ती बांधली आणि १९५८ साली ती पुरी झाली. मीस व्हॅन डर रोह हे तिचे वास्तुविशारद, फिलिप जॉन्सन त्यांचे सहकारी.

जगात जिथे जिथे कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत तिथे तिथे या इमारतीची नक्कल झाली आहे. कोणी तिची काचेची उभी पेटी उचलली, कोणी तिच्या पुढची मोकळी जागा उचलली. न्यूयॉर्क शहराने तर त्या मोकळ्या जागेचा कायदा करून टाकला. तरी तिच्या तोडीच्या दुसऱ्या इमारती शोधायला गेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही सापडत नाहीत. असे का व्हावे? उत्तर काचेत नाही, पोलादात नाही, चौरस फुटांत तर मुळीच नाही. सीग्राम घडली ती मालकाच्या घरातून आलेल्या एका मागणीमुळे. ती मागणी पुढच्या कुठल्याही नकाशात किंवा नियमात उतरली नाही, आणि इतर सगळे उतरले.

ती मागणी करणारी होती २७ वर्षांची एक मुलगी. फिलिस लँबर्ट. सीग्रामचे सर्वेसर्वा सॅम्युअल ब्रॉन्फमन यांची लेक. ती पॅरिसमध्ये राहून शिल्पकला करत होती. १९५४च्या उन्हाळ्यात वडिलांनी ठरवलेल्या इमारतीचा आराखडा तिच्या पाहण्यात आला. परेरा आणि लकमन या व्यावसायिक फर्मने केलेला तो आराखडा तिला सहन झाला नाही. तिने वडिलांना आठ पानी पत्र लिहिले. पत्राची सुरुवातच ‘नाही’ने, आणि ते ‘नाही’ही एकदा लिहून भागले नव्हते. इमारत बांधणारा माणूस फक्त स्वतःसाठी बांधत नाही, तिच्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांचा तिच्यावर हक्क असतो, हा त्या पत्राचा गाभा होता. वडिलांनी रागावून पत्र बाजूला टाकले असते तर तिथे आज कोणाच्या लक्षातही राहणार नाही अशी एक कचेरी उभी असती. त्यांनी मुलीलाच न्यूयॉर्कला बोलावून घेतले आणि वास्तुविशारद निवडण्याचे काम तिच्यावर सोपवले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुकलेचे काम पाहणाऱ्या फिलिप जॉन्सन यांची तिला मदत झाली. ती एकेका वास्तुविशारदाला भेटत गेली, त्यांची कामे पाहत गेली आणि शेवटी मीस यांच्यापाशी थांबली. पुढे इमारत पुरी होईपर्यंत नियोजन संचालक म्हणून तिने ते काम सोडले नाही.

मीस तेव्हा सत्तरीला टेकलेले होते. १८८६ साली जर्मनीतल्या आखेन गावात पाथरवटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वास्तुकलेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. हाताने काम करत ते शिकले, बाउहाउस या कलाशिक्षण संस्थेचे शेवटचे संचालक झाले, नाझी राजवटीत ती संस्था बंद पडल्यावर काही वर्षांनी अमेरिकेत आले आणि शिकागोत शिकवू लागले. सीग्रामचे काम चालू असताना न्यूयॉर्क राज्याने परवान्यासाठी त्यांच्याकडे शालेय शिक्षणाचा पुरावा मागितला. ज्यांच्याकडून वास्तुकलेची एक अख्खी पिढी शिकली त्यांना शाळेच्या बरोबरीची परीक्षा द्या म्हणून सांगण्यात आले. मीस काही काळ शिकागोला निघून गेले. परवाना पुढे मिळाला, पण कागदावर बसते तेवढेच ज्ञान मानायची ही सवय या इमारतीच्या वाट्याला पुन्हा येणार होती.

आता मोकळ्या जागेचे गणित. १९१५ साली खालच्या मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग नावाची एक प्रचंड इमारत रस्त्याच्या कडेपासून थेट वर चढवली गेली. तिच्या सावलीने आसपासच्या इमारतींचा उजेडच गेला. लोकांत ओरड झाली आणि १९१६ साली शहराने नियम केला की इमारत जसजशी उंच जाईल तसतशी ती मागे सरली पाहिजे. त्यातून न्यूयॉर्कभर पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती उगवल्या. त्याच नियमात एक सवलत होती. मनोरा भूखंडाच्या फक्त पाव भागावर उभा केला तर त्याला उंचीची मर्यादा नाही. पार्क अव्हेन्यूसारख्या ठिकाणी तीन चतुर्थांश जमिनीवर मनोरा न चढवणे म्हणजे भाड्याने देता येणारे किती मजले हातचे घालवणे, हा हिशेब कोणत्याही बिल्डरला बोटांवर करता येतो. म्हणून बहुतेकांनी पायऱ्या चढवल्या आणि भूखंड काठोकाठ भरला. सीग्रामने तसे केले नाही. समोर मॅकिम, मीड अँड व्हाइट या फर्मची १९१८ सालची दगडी रॅकेट अँड टेनिस क्लबची इमारत. तिरक्या अंगाला १९५२ची लीव्हर हाउस. ही साबण कंपनीची हिरव्या काचेची कचेरी म्हणजे पार्क अव्हेन्यूवरची पहिली काचेची इमारत, आणि तिनेही तळमजला लोकांसाठी बराचसा मोकळा केला होता. या दोघींच्या साक्षीने सीग्राम मागे सरली आणि रस्त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली.

जागा सोडली म्हणून काम संपत नाही. मागे जे उभे राहते त्यात तितकाच जीव ओतावा लागतो, आणि मीस यांनी तो कसा ओतला हे जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे. इमारतीच्या अंगावरून तळमजल्याच्या वरपासून माथ्यापर्यंत ब्राँझच्या उभ्या पट्ट्या जातात. त्यांचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा, म्हणजे रेल्वेच्या रुळाच्या किंवा पोलादी गर्डरच्या जातीचा. दोन पट्ट्यांमधले अंतर ४ फूट साडेसात इंच. अशा सहा घरांचा एक गाळा होतो, २७ फूट ९ इंचांचा, आणि खांबही त्याच अंतरावर उभे आहेत. फरशीच्या सांध्यापासून छताच्या रेषेपर्यंत सगळे या एकाच मापाला बांधलेले आहे. गाणाऱ्याने एकदा धरलेला षड्ज शेवटपर्यंत ढळू नये, तसे ते माप कुठेही ढळत नाही. पुढच्या मोकळ्या चौकात उभे राहून वर पाहिले की उन्हाच्या तिरिपीत प्रत्येक पट्टीची बारीक सावली शेजारच्या तांबूस काचेवर पडते. चालत पुढे गेले की त्या पट्ट्या एकमेकींजवळ येतात, काच दिसेनाशी होते आणि पूर्ण इमारत भरीव धातूची वाटू लागते. दोन पावले मागे आले की काच पुन्हा उघडते.

या पट्ट्यांवरून वास्तुकलेच्या जगात सत्तर वर्षे वाद चालू आहे. कारण त्या इमारतीचा भार उचलत नाहीत. भार उचलणारा खरा पोलादी सांगाडा आगीच्या नियमांमुळे काँक्रीटच्या आवरणात गेला आहे. मग बाहेर गर्डरच्या आकाराचे ब्राँझ लावायचे कशाला? साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या मीस यांनीच शेवटी सजावट केली, हा आक्षेप आहे. आक्षेप खोटा नाही. त्या पट्ट्या काचेच्या चौकटींना ताठपणा देतात हे खरे, पण त्यांचे मुख्य काम दिसण्याचेच आहे. मात्र त्यामुळे इमारत अप्रामाणिक ठरते असे म्हणणाऱ्यांनी एखादा पेशवाईतला वाडा पाहावा. वाड्यात भार तुळई आणि सुरूचे लाकडी खांब घेतात. दोन खांबांमधली महिरप काहीच उचलत नाही. तरी ती महिरप काढून टाकली तर खांब आणि तुळई यांचे नाते डोळ्यांना कळेनासे होते. मीस यांची ब्राँझची पट्टी हेच काम करते. आत झाकलेल्या सांगाड्याची ती बाहेरून ओळख करून देते. ही सजावट आहे, आणि ती गरजेची आहे.

ब्राँझ ही काही बिनकष्टाची सोय नव्हे. घरातल्या पितळी भांड्यांना चिंच लावून घासले नाही तर ती काळवंडतात, तसे हे ब्राँझ हवेत सोडून दिले तर हिरवे पडते. म्हणून ते वेळोवेळी पुसून त्याला तेल लावावे लागते. खिडक्यांचे पडदेही मीस यांनी असे करून घेतले की ते तीनच ठिकाणी थांबतील: पूर्ण वर, अर्ध्यावर किंवा पूर्ण खाली. कचेरीतल्या माणसाने आपल्या मनाने पडदा कुठेही लटकवला तर बाहेरून इमारत विस्कटलेली दिसेल, ही त्यांची चिंता. आत बसणाऱ्याला हे जाचक वाटले असेल, आणि तसे वाटणे रास्तच आहे. आपल्या टेबलावर किती ऊन घ्यावे एवढे तरी माणसाच्या हाती हवे. मीस यांचा ध्यास इथे हट्टाच्या हद्दीत शिरला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

दुसरा दोष याहून मोठा आहे. खिडकीलगतच्या छताचा पट्टा दिव्यांनी उजळेल अशी व्यवस्था रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकाराने केली होती. संध्याकाळी पूर्ण मनोरा आतून पेटल्यासारखा दिसावा, हा हेतू. वीज आणि इंधन स्वस्त असण्याच्या काळातली ही कल्पना होती. काच एकपदरी, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब दोन्ही बाहेर. न्यूयॉर्कने मोठ्या इमारतींना ऊर्जेचा हिशेब जाहीर करायला लावल्यावर २०१२ साली सीग्रामला १०० पैकी ३ गुण मिळाले. सुधारणा करून घेतलेल्या जुन्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला तेव्हा ८० गुण होते. या आकड्यावर पांघरूण घालता येणार नाही. सीग्रामचे रूप पाहून उष्ण देशांत काचेच्या पेट्या उभ्या करणाऱ्यांनी तिचा नेमका हाच दोष उचलला आणि वातानुकूलनाच्या बिलात तो दामदुपटीने फेडला. मुंबईच्या दमट उकाड्यात पश्चिमेकडे तोंड केलेली काचेची भिंत उभी करण्याला कोणतेही वास्तुशास्त्रीय कारण नाही.

इमारत उभी राहिली, लोक चौकात येऊन बसू लागले, आणि मग शहराने मालकाच्या हातात कराचे बिल ठेवले. खटला झाला. इमारतीला सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलर खर्च आला होता. कंपनीचे म्हणणे असे की भाड्याच्या उत्पन्नावरून इमारतीचे मोल ठरवा, कारण इतर कचेऱ्यांचे तसेच ठरते. शहराचे म्हणणे असे की एवढा खर्च मुद्दाम केला आहे, कंपनीची प्रतिष्ठा त्यातून वाढते, म्हणून मोल जास्त धरले पाहिजे. १९६४ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. निकालाचा सरळ अर्थ बांधकाम व्यवसायाने लगेच ओळखला: चांगले दगड वापराल, चांगला धातू वापराल, तर त्याच्याबद्दल जादा कर भराल. ज्या शहराला या चौकाचा सर्वांत जास्त फायदा झाला त्याच शहराने तो चौक देणाऱ्याला दंड केल्यासारखे झाले. हा निकाल कायद्याच्या चौकटीत बसत असेल, पण नगरनियोजनाच्या दृष्टीने तो घातक होता.

त्याच शहराने तीन वर्षे आधी उलट्या दिशेने पाऊल टाकले होते. १९६१च्या नव्या बांधकाम नियमावलीत चौकाला बक्षीस ठेवले गेले. दाट वस्तीच्या भागात एक चौरस फूट चौक लोकांसाठी मोकळा ठेवला तर दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम करता येईल. आपल्याकडे एफएसआय हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असल्याने हा व्यवहार मराठी वाचकाला चटकन कळेल. सीग्रामने जे आपण होऊन केले ते आता नियमाने मिळणार होते. आणि मिळालेही. चौरस फूट ढिगाने मिळाले. कुठे बंगल्यामागे टाकून दिल्यासारखी अंधारी जागा, कुठे वाऱ्याचा झोत अंगावर घेणारा ओसाड काँक्रीटचा तुकडा, कुठे कुंपण आणि फाटक. बिल्डरने नियमातली अट पाळली, वरचे मजले बांधले आणि चौकाकडे पाठ फिरवली. २००० साली जेरॉल्ड केडन यांनी शहराच्या नियोजन खात्याबरोबर या जागांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा अशा ५०३ जागा मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या ४१ टक्के जागा लोकांच्या फारशा उपयोगाच्या नाहीत असे दिसले.

मग सीग्रामच्या चौकात लोक का बसत होते? याचा शोध विल्यम व्हाइट या अभ्यासकाने घेतला. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतींच्या गच्च्यांवर कॅमेरे लावून चौकातल्या माणसांच्या हालचाली टिपल्या. उन्हाच्या चांगल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सीग्रामपुढे दीडशेच्या आसपास माणसे बसलेली असत. तशाच, किंबहुना मोठ्या, इतर चौकांत चिटपाखरू नसे. ऊन, आकार, सौंदर्य अशी बरीच कारणे तपासून झाल्यावर जे सापडले ते अगदी साधे होते. माणसे तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. हौदाच्या कडेचे ते हिरवे कट्टे बरोबर बसण्याच्या उंचीचे आणि ऐसपैस रुंदीचे होते. पायऱ्या बसण्याजोग्या होत्या. रस्ता आणि चौक यांच्या मध्ये भिंत नव्हती. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कट्टा हा शब्द आपण बसण्याच्या जागेसाठी वापरतो आणि तिथे जमणाऱ्या मंडळींसाठीही.

व्हाइट यांच्या पाहणीवरून १९७५ साली शहराने नियम बदलले. चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक असलीच पाहिजे, अशी अट आली. अट चांगली होती आणि तिने बऱ्याच जागा सुधारल्या. पण हेही लक्षात घ्यावे की सीग्रामचे कट्टे करताना तिथे लोक गर्दी करून बसतील असे मीस आणि जॉन्सन यांच्या मनातही नव्हते. जॉन्सन यांनी तसे नंतर कबूल केले. मग श्रेय कशाचे? श्रेय उदारपणाचे. चांगला दगड, पुरेशी रुंदी, मोकळी कड, न बांधलेली भिंत. हात आखडता न घेता केलेल्या कामात माणसाला स्वतःची जागा सापडते. हात आखडून, चौरस फूट मोजून केलेल्या कामात ती क्वचितच सापडते.

याच इमारतीत एका अंगाला १९५९ साली फोर सीझन्स हे जॉन्सन यांनी सजवलेले महागडे रेस्टॉरंट उघडले. त्याच्या भिंतींसाठी चित्रकार मार्क रॉथको यांनी चित्रे करायचे कबूल केले होते. चित्रे झाली, पण एकदा तिथे जेवून आल्यावर त्यांनी ती द्यायला नकार दिला आणि पैसे परत केले. त्यांतली काही चित्रे आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. बाहेर सर्वांना खुला चौक आणि आत मूठभरांना परवडणारे जेवण, हा विरोध सीग्रामच्या पोटातच आहे. कंपनीची इमारत कंपनीचीच असते, ती धर्मशाळा नसते. म्हणूनच दारापुढचा मोकळा तुकडा मोलाचा ठरतो, कारण तिथे बिल भरण्याची ऐपत कोणी विचारत नाही.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया बिल्डिंग १९७४ साली झाली, ती जॉन्सन यांचे भागीदार जॉन बर्गी यांच्या आराखड्यावर. समुद्राच्या अंगाची, पांढरी, दिमाखदार, दुरून ओळखू येणारी. तिच्याकडे संध्याकाळी जाणाऱ्याला मात्र एक गोष्ट दिसते. हजारो माणसे तिच्या पायथ्याशी न थांबता रस्ता ओलांडून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसतात. त्या कठड्याला कोणी एफएसआय दिला नाही. बसता येईल एवढी रुंदी आहे, समोर समुद्र आहे आणि कोणी हटकत नाही. व्हाइट यांना कॅमेरे लावून जे सापडले ते मुंबईकर रोज संध्याकाळी सिद्ध करतो. आणि तरीही शहरात कचेऱ्यांचे जे नवे मनोरे उभे राहतात त्यांच्यापुढे बहुतेक वेळा कुंपण असते, पहारेकरी असतो, गाड्यांचा उतार असतो. उंबऱ्यापाशी टेकायला हातभर कट्टा नसतो.

नियम नकोत असे यातून निघत नाही. नियम नसते तर इक्विटेबलसारख्या इमारतींनी मॅनहॅटन कायमचे झाकोळून टाकले असते. पण नियम फक्त किमान ठरवू शकतो. किमानाच्या वर काय करायचे हे मालक ठरवतो, आणि मालकाला तसे करायला लावणारे कोणीतरी लागते. घरातली लेक असो, भागधारक असो, महापालिकेतला एखादा आग्रही अभियंता असो, किंवा हरकती नोंदवायला येणारे नागरिक असोत. शहराने एवढेच पाहायला हवे की असा आग्रह धरणाऱ्याच्या हातात न्यूयॉर्कने दिले तसे कराचे बिल पडू नये. चांगल्या दगडाला, सावलीला आणि बसण्याच्या जागेला करात सूट मिळाली पाहिजे, आणि जादा बांधकाम घेऊन चौक कुलूपबंद ठेवणाऱ्याकडून त्या मजल्यांची किंमत वसूल झाली पाहिजे. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर इथे विकास आराखड्यांवर हरकती मागवल्या जातात. उद्यानाचे आरक्षण कुठे गेले हे लोक विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला एक साधी ओळ लिहावी: या इमारतीच्या दारापुढे रस्त्यावरचा माणूस कुठे बसेल?

ब्रॉन्फमन कुटुंबाने मोठी केलेली ती कंपनी २००० साली फ्रान्सच्या विवेंदीकडे गेली आणि तिचा पसारा तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला. इमारतीची मालकी त्याच्या खूप आधीच दुसऱ्यांकडे गेली होती. १९८९ साली न्यूयॉर्कने इमारतीचे बाह्यरूप, तिची तळमजल्यावरची लॉबी आणि पुढचा चौक वारसा म्हणून जाहीर केले, त्यामुळे आज शहराच्या परवानगीशिवाय कोणताही मालक त्या चौकावर बांधकाम करू शकत नाही. फिलिस लँबर्ट यांनी माँट्रिअलला वास्तुकलेचे मोठे संग्रहालय आणि संशोधन केंद्र उभे केले आणि २०१३ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, सीग्राम कशी घडली यावर ग्रंथ लिहिला. न्यूयॉर्कला जाणाऱ्याने दुपारी साडेबाराच्या सुमारास बावन्नाव्या रस्त्याने पार्क अव्हेन्यूवर यावे आणि डब्यातले जेवण घेऊन त्या हिरव्या कट्ट्यावर बसावे. तिथे तिकीट नाही आणि कोणी उठवत नाही.